पाइपलाइनीतली हवा मोजताना

तासगावच्या बाजूला द्राक्षबाग असलेल्या कुणालाही विचारा, लाइनीत हवा धरणं म्हणजे काय ते तो लगेच सांगेल. मोटार चालू असते, आवाजही नेहमीचाच, पण ॲमीटरचा काटा थोडा खाली आणि बागेच्या टोकाला पाइप नुसता फुसफुसतोय. मग कुणीतरी गाडी काढतं, चढाच्या माथ्यावर जाऊन कॉक उघडतं. फस्स करून हवा निघते, मागून पाण्याची चिळकांडी अंगावर येते, आणि पुढचे चार तास बरे जातात. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते, त्यामुळे मोटार बंद झाली की लाइन थोडी रिकामी होते, हवा आत शिरते, आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

सांगलीत एम.टेक. करताना प्रकल्पाला मी हाच विषय घेतला: पाण्यानं भरलेल्या तिरक्या पाइपात हवेचा मोठा बुडबुडा कसा वागतो, हे कॉम्प्युटरवर सोडवायचं. माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मोजणार काय?"

मी म्हटलं, बुडबुडा कसा सरकतो ते बघणार.

"बघणं सगळ्यांना जमतं. आकडा कुठला काढणार ते आधी लिही, मग सॉफ्टवेअर उघड."

तेव्हा हे मला जरा शिष्टपणाचं वाटलं होतं. पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच फिरलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पाणी आणि हवा एकत्र आली की अडचण समीकरणांची नसते. प्रवाह कसा वाहतो हे सांगणारी नेव्हियर-स्टोक्सची समीकरणं दोघांना सारखीच लागू. अडचण असते ती सीमेची. पाणी जिथं संपतं आणि हवा सुरू होते ती रेषा स्वतः हलत असते, तिला हलवतो तो प्रवाहाचा वेग, आणि तो वेग पुन्हा त्या रेषेच्या आकारावर अवलंबून. शिवाय रेषा ओलांडली की घनता एकदम आठशे पटींनी कोसळते. पाणी घनमीटरला जवळपास १००० किलो, हवा साधारण १.२ किलो. चिकटपणाही पन्नासेक पटींनी बदलतो. कॉम्प्युटर सगळ्या जागेचे बारीक तुकडे पाडून गणित करतो, त्या तुकड्यांना चौकटी म्हणायचं आणि सगळ्यांना मिळून जाळी. ही सगळी उडी जाळीच्या एक-दोन चौकटींत बसवायची आणि तरी गणित फुटू द्यायचं नाही.

लोकांनी यावर बरीच डोकेफोड केलेली आहे. १९६५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत हार्लो आणि वेल्च यांनी गणितातल्या पाण्यात खुणेचे कण सोडले. ज्या चौकटीत कण आहेत ती ओली, नाहीत ती कोरडी. १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी कणही काढून टाकले. प्रत्येक चौकटीत पाण्याचा हिस्सा किती, एवढा एकच आकडा ठेवायचा. पूर्ण पाणी म्हणजे १, पूर्ण हवा म्हणजे ०, आणि मधला आकडा दिसला की पृष्ठभाग तिथून जातोय असं समजायचं. या पद्धतीचं नाव व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड, सगळे व्हीओएफ म्हणतात. वाचायला अगदी सोपी. मला ती पचायला वेळ लागला, कारण यात पृष्ठभाग नावाची गोष्ट कॉम्प्युटरमध्ये कुठंच साठवलेली नसते. एखाद्या चौकटीत ०.४ असेल तर चाळीस टक्के पाणी आहे, इतकंच कळतं. ते खाली बसलंय, डावीकडं उभं आहे की मधोमध थेंब होऊन तरंगतंय, हे त्या आकड्यात नाही. शेजारच्या चौकटी बघून अंदाज बांधायचा. यंग्जनं १९८२ मध्ये प्रत्येक चौकटीत एक तिरकी सरळ रेषा ओढायची पद्धत दिली. आजही भूमितीवर चालणारे बहुतेक प्रोग्रॅम तिच्याच वळणाचे आहेत.

दुसरा रस्ता ओशर आणि सेथियन यांचा, १९८८ चा, लेव्हल सेट. त्यात प्रत्येक बिंदूला पृष्ठभागापासूनचं अंतर ठेवतात, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. पृष्ठभाग गुळगुळीत येतो, वक्रता छान निघते. पण गणित चालता चालता पाणीच कमी होत जातं. कुठं गळत नाही, सांडत नाही, नुसतं नाहीसं होतं. ज्याच्या घरी दर उन्हाळ्याला टँकरचा हिशेब होतो अशा माणसाला ही पद्धत रुचणं कठीण. व्हीओएफमध्ये पृष्ठभाग ओबडधोबड आला तरी पाण्याचा हिशेब जुळतो. माझी निवड तिथंच झाली.

ओपनफोम हे प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर २००४ पासून मुक्त आहे, त्याला पैसे पडत नाहीत. त्यातला इंटरफोम नावाचा सॉल्व्हर, म्हणजे व्हीओएफनं गणित सोडवणारा भाग, मी धरला. शिकायला सगळेच त्याच्यासोबत येणाऱ्या उदाहरणापासून सुरुवात करतात: ५८.४ सेंटीमीटर रुंदीची टाकी, डाव्या कोपऱ्यात पाण्याचा उभा खांब, तळाशी छोटा अडथळा. खांबाला धरून ठेवणारा पडदा काढला असं समजायचं आणि पाणी कोसळताना बघायचं. उदाहरणाचं नाव डॅम ब्रेक.

सांगलीत हे नाव मोठ्यानं घ्यायची सोय नाही. लॅबमध्ये स्क्रीनवर निळं पाणी उसळताना बघून शिपाईमामांनी विचारलं, "कोयना का अलमट्टी?" गंमत म्हणून नव्हतं विचारलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हे आकडे इथं लहान पोरांनाही पाठ आहेत. त्यांना सांगावं लागलं की पुराचं गणित असं करत नाहीत. नदीच्या पुरात वरच्या हवेचा विचारच करावा लागत नाही. प्रत्येक जागी पाण्याची खोली किती आणि त्याचा सरासरी वेग किती, एवढंच अज्ञात धरून उथळ पाण्याची समीकरणं सोडवतात. म्हणून तर मैलोन्‌मैल नदी एका कॉम्प्युटरवर मावते. पण त्या गणितात एका जागेला एकच खोली असते, त्यामुळे लाट स्वतःवर उलटू शकत नाही आणि पाण्याखाली हवा अडकू शकत नाही. मला नेमकी अडकलेलीच हवा हवी होती. मामा म्हणाले, "म्हंजे पुराचं कायच कळनार न्हाई." नाहीच कळणार.

टाकीतलं उदाहरण लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपतं. चित्र इतकं सुरेख येतं की बघणाऱ्याला सगळं खरंच वाटतं. मॅडमनी मात्र १९५२ चा मार्टिन आणि मॉइस यांचा पेपर हातात दिला. पाण्याचा खांब कोसळताना त्याचं टोक जमिनीवर किती वेळात किती पुढं जातं, याची मोजमापं त्यात आहेत. अडथळा काढून त्यांच्या मापाचा खांब मांडला. माझं टोक त्यांच्यापेक्षा थोडं पुढं पळत होतं. वाचल्यावर कळलं की जवळपास सगळ्यांचंच पळतं. गणितात पडदा क्षणात नाहीसा होतो, खऱ्या प्रयोगात त्याला वेळ लागतो. शिवाय पुढं धावणारा पाण्याचा थर इतका पातळ असतो की टोक कशाला म्हणायचं इथूनच मतभेद. तो आलेख अजून माझ्याकडं आहे, कारण आकडा जुळला नाही तरी का जुळला नाही हे सांगता येणं म्हणजे काय, ते मला त्यातून कळलं.

पुढची परीक्षा मला सगळ्यात आवडली. त्यात पाणीही नाही आणि हवाही नाही. चौकोनात एक वर्तुळ काढायचं, भोवऱ्यासारखा ठरलेला प्रवाह द्यायचा आणि वर्तुळाला ताणू द्यायचं. ते लांब शेपटासारखं गुंडाळत जातं. अर्ध्या वेळाला प्रवाह बरोबर उलटा करायचा. गणित चोख असेल तर शेवटी पहिलं वर्तुळ जसंच्या तसं परत यायला हवं. इंटरफोममध्ये काठ विसकटू नयेत म्हणून हवा-पाण्याच्या सीमेला दाबून धरणारं एक जादाचं पद असतं. ते वाढवलं की काठ धारदार दिसतात, पण परत आलेल्या वर्तुळाच्या कडेला इस्त्री नसलेल्या सदऱ्यासारख्या चुण्या पडतात. कमी केलं की चुण्या जातात आणि काठ पसरट होतो. आयसोॲडव्हेक्टर ही भूमितीवर चालणारी पद्धत वापरल्यावर त्याच जाळीवर वर्तुळ जवळपास शाबूत परत आलं. तिथून पुढं मी तीच वापरली. इंटरनेटवर कुठल्या सॉल्व्हरची चित्रं देखणी आहेत यावर पोरं हमरीतुमरीवर येतात. ही परीक्षा अर्ध्या तासात होते आणि वाद मिटतो.

मग आला स्थिर थेंब. गुरुत्वाकर्षण बंद, वारा नाही, हवेत एक मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब. करायचं काहीच नाही, थेंबानं नुसतं थांबायचं. पृष्ठताणामुळे आतला दाब बाहेरपेक्षा जास्त असतो, तो लाप्लासच्या सूत्रानं येतो: पृष्ठताण ०.०७२ धरला तर गोल थेंबाला १४४ पास्कल. दाब बऱ्यापैकी आला. पण रात्रभर चालवून सकाळी बघितलं तर थेंबाभोवती भोवरे फिरत होते, सेकंदाला काही सेंटीमीटर वेगानं. कुणी ढकललं नाही, ओढलं नाही, तरी हवा नाचतेय. याला परजीवी प्रवाह म्हणतात. पृष्ठभागाची वक्रता आकड्यांवरून काढताना थोडी चूक राहते, दाबाचं आणि पृष्ठताणाचं गणित एकमेकांना पुरतं कापत नाही, आणि उरलेली शिल्लक प्रवाह होऊन बाहेर पडते. जाळी बारीक केली की हे जाईल असं वाटतं. इंटरफोमच्या पद्धतीनं वक्रता काढली तर ते जात नाही, उलट कधी वाढतं. त्यात भर म्हणजे पृष्ठताणाच्या बारीक लहरी पकडायला वेळाची पायरीही, म्हणजे गणित एका टप्प्यात जेवढा वेळ पुढं सरकतं तीही, लहान ठेवावी लागते. एक मिलिमीटरच्या चौकटीला साधारण एक हजारांश सेकंद चालतो, दहा पट बारीक चौकटीला तीस पटींहून लहान पायरी लागते.

या भोवऱ्यांच्या मागं लागून माझा बराच काळ गेला असता. मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी हिशेब मांडला. माझ्या पाइपाचा आतला व्यास ५० मिलिमीटर. गुरुत्वाकर्षणाचा जोर आणि पृष्ठताणाचा जोर यांचं गुणोत्तर म्हणजे एटव्हश संख्या, ती ५० मिलिमीटरला ३४० च्या आसपास येते. सत्तरच्या वर गेली की उभ्या नळीत बुडबुड्याच्या वेगावर पृष्ठताणाचा प्रभाव जवळपास उरत नाही. म्हणजे माझ्या कामाला ते भोवरे आडवे येणार नव्हते. इंकजेट प्रिंटरच्या थेंबांवर काम करणाऱ्याला हीच सूट मिळत नाही, त्याला जन्मभर त्यांच्याशीच भांडायचं आहे.

आता खरा पाइप. लांबी एक मीटर, मधून कापून अर्धाच घेतला कारण दोन्ही बाजू सारख्या. व्यासात चाळीस चौकटी घेतल्या तर एकूण पाच लाखांच्या आसपास झाल्या. व्यासात ऐंशी घेतल्या की त्याच चाळीस लाख, आणि वेळाची पायरी निम्मी. म्हणजे काम सोळा पट. आठ कोअरचा कॉम्प्युटर, लॅब संध्याकाळी बंद होणार, लाइट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नाही. मी दर थोड्या वेळानं सगळं डिस्कवर लिहून घ्यायची सवय लावली, म्हणजे जिथं थांबलं तिथून पुन्हा चालू करता येतं. मामांना सांगून ठेवलं होतं, "स्क्रीन काळा दिसला तरी बटन बंद करू नका." त्यांनी कॉम्प्युटरवर खडूनं पाटी लिहिली: चालू आहे, हात लावू नये.

इथं एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. वेळाची पायरी ठरते ती सगळ्यात वेगवान चौकटीवरून, कारण एका पायरीत प्रवाहानं एका चौकटीपेक्षा पुढं जायचं नाही, हा कूरांचा नियम. मला वाटायचं वेगवान म्हणजे पाणी. लॉग फाइल उघडून बघितलं तर सगळ्यात जास्त वेग प्रत्येक वेळी हवेत. दोन पाण्याच्या थरांमधून हवा पिचकारीसारखी बाहेर पडते, कुठंतरी एका चौकटीत वेग उसळतो आणि पायरी सेकंदाच्या लाखाव्या भागाखाली जाते. हवेला फारसं वजन नाही, उत्तरात तिचा फारसा वाटा नाही, पण कॉम्प्युटरचा सगळा वेळ तीच खाते. सगळे उपाय करून झाल्यावरही कॉम्प्युटरवरच्या माझ्या धावांचा मोठा हिस्सा ज्या हवेशी मला देणंघेणं नव्हतं तिच्यातच गेला.

गणिताच्या शेजारी खरी नळी असावी हा हट्ट माझा. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाची ॲक्रिलिकची नळी पुण्याहून आणली, दोन्ही टोकांना रबरी बुचं, आणि विश्रामबागेतल्या एका सुतारानं फळीवर बिजागरी लावून कोन बदलता येईल अशी जोड करून दिली. नळीत पाणी भरायचं, थोडी हवा ठेवायची, हव्या त्या कोनात एकदम उलटी करायची आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमनं चित्रण करायचं. मागं पट्टी चिकटवलेली. खर्च किरकोळ, आणि या सगळ्या कामात माझा सगळ्यात जास्त विश्वास कशावर असेल तर त्या फळीवर.

उभ्या नळीतल्या मोठ्या बुडबुड्याचा वेग जुनाच माहीत आहे. १९४३ मध्ये दुमित्रेस्कूनं आणि १९५० मध्ये डेव्हिस आणि टेलर यांनी तो काढला. गुरुत्वाकर्षण गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ, आणि त्याच्या साधारण ०.३५ पट. माझ्या नळीला ते सेकंदाला २४-२५ सेंटीमीटर होतात. बुडबुडा लांब असो की आखूड, वेग तोच. कारण वेग ठरवतं ते बुडबुड्याचं गोल नाक, मागचं शेपूट नव्हे. मोबाइलवर मोजलं, तेवढाच आला. सिम्युलेशनमध्येही व्यासात चाळीस चौकटींवर तेवढ्याच्या जवळ आला.

मग मी खूश होऊन बुडबुड्याच्या अंगावरून खाली घसरणाऱ्या पाण्याच्या थराची जाडी काढली आणि मॅडमना दाखवली. त्यांनी चौकटीचा आकार विचारला. सव्वा मिलिमीटर. थराची जाडीही साधारण तेवढीच. म्हणजे अख्खा थर एका चौकटीत बसलेला, त्यातला वेग कसा बदलतो हे कळायला जागाच नाही. एकाच धावेत नाकाचा वेग विश्वासाचा आणि थराची जाडी टाकाऊ. चित्रात मात्र दोन्ही सारखेच झळकत होते. भिंतीजवळ जाळी दाट करून थर पुन्हा काढावा लागला.

तिरकी नळी केल्यावर मजा आली. मित्रांमध्ये पैज लावली होती: नळी उभी केली की बुडबुडा जास्त पळेल की कलती ठेवली की? सगळे म्हणाले उभी. पंचेचाळीस अंशांत कलवल्यावर तो उभ्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट वेगानं गेला. १९६६ मध्ये झुकोस्कीनं हे नीट मोजून ठेवलेलं आहे. कारण समोर दिसतंच. उभ्या नळीत पाण्याला खाली यायला चहूबाजूंनी पातळ कडंच मिळतं. नळी कलली की बुडबुडा वरच्या भिंतीला चिकटतो आणि खाली पाण्याला रुंद पन्हळ मोकळी होते. पैजेचा वडापाव विश्रामबागच्या चौकात वसूल केला.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, हे व्हिडिओ दाखवले. त्यांनी शांतपणे बघून विचारलं, "आरं, पर माझ्या लाइनीत हवा वर जायाच्या आयवजी उतारालाच बसती की."

खरा प्रश्न हाच होता. लाइन माथा ओलांडून उताराला लागते तिथं पाणी हवेला खाली ढकलतं आणि हवा वर येऊ बघते. पाण्याचा वेग पुरेसा असला तर हवा वाहून जाते, नसला तर उताराच्या वरच्या भागात कप्पा करून बसते. तिथं पाणी अर्ध्याच पाइपातून वाहतं आणि मोटारीला तेवढी जास्त उंची चढवावी लागते. किती वेग पुरेसा हे उतारावर आणि कप्प्याच्या आकारावर बदलतं, पण तो पुन्हा गुरुत्वाकर्षण गुणिले व्यास यांच्या त्याच वर्गमुळाच्या आसपास घुटमळतो.

"आण्णा, तुमची आधीची लाइन तीन इंची होती ना?"

"व्हय. घर्षण लई हाय म्हनून चार इंची टाकली. तवापास्नंच हवा जास्त धरती."

मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. सेकंदाला पाच लिटर पाणी धरा. ७५ मिलिमीटरच्या पाइपात त्याचा वेग १.१ मीटर, आणि हवा हलवायला लागणारं माप, म्हणजे ते वर्गमूळ, ०.८६ च्या आसपास. हवा निघून जाते. १०० मिलिमीटरमध्ये वेग ०.६४ वर येतो आणि माप ०.९९ वर चढतं. हवा ठाण मांडते. पाइप मोठा केला की दोन्ही आकडे उलट्या दिशेनं जातात. त्याच वेळी तीन इंचीत घर्षण चौपटीहून जास्त, तेव्हा मोठा पाइप टाकणारा चुकला असंही नाही. आण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बहुतेक ज्यानं पाइप विकला त्याला दाखवायला.

परत येऊन मी हाच उतार सिम्युलेशनमध्ये घेतला. कप्प्याची लांबी दोन्ही जाळ्यांवर जवळपास सारखी आली, त्यामुळे ती प्रबंधात घातली. कप्प्याच्या शेपटाकडं मात्र प्रकरण वेगळं होतं. तिथं पन्हळीतून वेगानं आलेलं पाणी भरल्या पाइपातल्या पाण्यावर आदळतं, फेस होतो आणि बारीक बुडबुडे तुटून पुढं वाहत जातात. किती हवा अशी निघून जाते हा आकडा शेतकऱ्याच्या खऱ्या कामाचा. मी तो काढला. जाळी बारीक केली तर तो बदलला. आणखी बारीक केली, आणखी बदलला. कारण चौकट जेवढी लहान तेवढा लहान बुडबुडा गणिताला दिसतो, आणि चौकटीपेक्षा लहान बुडबुडा त्याच्या लेखी नसतोच. यात दिग्गजांचंही एकमत होत नाही. २००९ मध्ये युरोपातल्या तीन गटांनी एकाच द्विमितीय बुडबुड्याचं गणित आपापल्या प्रोग्रॅमनं केलं होतं. सौम्य प्रकारात तिघांचा कमाल वेग ०.२४ वर जुळला. घनतेचा फरक हजार पट केला तेव्हा बुडबुड्याची बारीक शेपटं तुटतात की नाही यावर तिघांचं एकमत झालं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तो फेसाचा व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला आणि विचारलं, हा हवेचा दर प्रबंधात का नाही? मी तिन्ही जाळ्यांचे आकडे शेजारी शेजारी दाखवले. ते म्हणाले, "मग व्हिडिओ तरी कशाला ठेवलास?" मॅडम खाली बघून हसत होत्या. व्हिडिओ मी काढून टाकला.

आण्णांना मात्र उत्तर हवंच होतं. त्यांचा कॉक माथ्याच्या चढाकडच्या अंगाला होता, कारण तिथं बांधावरून जाता येतं. पाणी वाहत असताना कप्पा माथ्यावरून उताराकडं सरकलेला असतो, एवढं माझ्या गणितात आणि नळीत दोन्हीकडं स्पष्ट दिसत होतं. तेवढं सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, "मोटार बंद झाली की ती माथ्यावरच येती. तवा काडायची." तेही बरोबर. पण रात्री दोनच्या पाळीला ऑटो स्टार्टर मोटार सुरू करतो तेव्हा माथ्यावर कोण जाणार? त्यांनी ठिबकच्या फिल्टरवर असतो तसला प्लॅस्टिकचा एअर व्हॉल्व्ह आणून बसवला होता, तोही कामाला येत नव्हता. त्याची रचना बघितली. मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह लाइन भरताना हवा सोडतो, पण पाणी येऊन एकदा मिटला की आतल्या दाबानं मिटूनच राहतो, नंतर साठलेली हवा त्यातून निघत नाही. दाबाखाली हवा सोडायला बारीक भोकाचा लागतो. दोन्ही कामं करणारा एकत्र व्हॉल्व्हही मिळतो, महाग असतो.

आण्णांनी तो आणला आणि माथ्याच्या उताराकडच्या अंगाला, खड्डा खणून, वर विटांचा चौक बांधून बसवला. व्हॉल्व्ह कुठला घ्यायचा हे सिम्युलेशननं सांगितलं नव्हतं, ते माहितीपत्रकात छापलेलं होतं. कुठं बसवायचा तेवढं नळीनं आणि गणितानं सांगितलं. हवा आता कमी धरते म्हणतात. किती कमी ते मोजायला ॲमीटरच्या नोंदी ठेवा म्हणून त्यांना वही दिली आहे. पहिल्या पानावर त्यांनी द्राक्षाच्या फवारणीचा हिशेब लिहिलाय.